हरला की सोंगट्या उधळतो, रांगेत ढकलाढकली, एक मुलगी बोलतच नाही: पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गात रोज काय करावं?

खाडीकाठ

नमस्कार. देवगड तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एकत्र, पट ११. तिघांचे वडील ट्रॉलरवर, चौघांचे मुंबईत. दोन मुलं आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबांतली, बाकीची गावातलीच. नेपाळी दोघं सोडली तर घरी सगळीच मालवणी बोलतात.

तीन अडचणी आहेत. दुसरीतला एक मुलगा खेळात हरला की सोंगट्या उधळतो आणि शेजारी बसलेल्याला मारतो. "सॉरी म्हण" म्हटलं की लगेच म्हणतो आणि दहा मिनिटांत पुन्हा तेच. दुसरं, नळावर आणि जेवणाच्या रांगेत रोज ढकलाढकली. मोठी मुलं लहानांना खेळात घेत नाहीत, नेपाळी दोघं कायम कडेला उभी. तिसरं, पहिलीतली एक मुलगी जूनपासून शाळेत एक शब्द बोललेली नाही. घरी म्हणे तोंड बंद नसतं.

गणपतीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यापासून हे सगळं वाढलंय. हाताशी वेळ म्हणजे परिपाठानंतरची दहा मिनिटं आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी. खर्चाला पैसे नाहीत. "प्रेमाने समजवा" यापलीकडचं, नेमकं काही सांगा. घरच्यांना काय सांगायचं तेही.

पाटीपेन्सिल

ताई, आधी सोंगट्या उधळणाऱ्याचं बघू. त्यात पहिलं मिनिट चुकलं की पुढचा अर्धा तास हातचा जातो.

मूल रागाच्या भरात असताना त्याला काही शिकवता येत नाही. त्या वेळी काम एकच, कोणाला लागू न देणं. मारायला उचललेला हात मनगटाशी धरा, पण आवळू नका. त्याच्या उंचीला बसा, समोरासमोर नको, थोडं बाजूला. वाक्य एकच, तेही लहान: "राग आला. मारू देणार नाही." मग गप्प राहा. आपल्याला बोलत सुटायची घाई होते आणि प्रत्येक नव्या वाक्यागणिक पोराचा आवाज चढतो. "का केलंस?" हा प्रश्न तर अजिबात नको. सहा-सात वर्षांच्या मुलाला त्या क्षणी त्याचं उत्तर माहीत नसतं. मग ते खोटं बोलतं, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतं, आणि आपण त्या खोट्यावर रागावतो.

बाकीच्या दहा जणांनी तेवढ्या वेळात काय करायचं, ते आधीच ठरलेलं हवं. सोंगट्या कोणी उचलायच्या नाहीत, आपापली पाटी घेऊन भिंतीशी बसायचं. प्रेक्षक असले की राग लांबतो.

शांत व्हायला साधारण पंधरा-वीस मिनिटं धरा. चेहरा निवळला, मूल आपणहून इकडेतिकडे बघू लागलं, की मग भरपाई. "सॉरी" वदवून घेऊ नका. तो शब्द म्हणजे त्याच्यासाठी सुटकेचं तिकीट झालाय, म्हणून तर तो इतक्या लगेच म्हणतो. त्याऐवजी हाताने करायचं काहीतरी द्या. उधळलेल्या सोंगट्या त्यानेच गोळा करायच्या, मोजून डब्यात भरायच्या. ज्याला मारलं त्याला विचारायचं, "तुका काय होया?" कोणी पाणी मागेल, कोणी म्हणेल पुढचा डाव माझा. ते त्याने करायचं. माफी मनात आली तर तो म्हणेलच.

आता खरं काम, जे राग नसतानाच करायचं असतं. त्याला मी पेजेची फुंकर म्हणतो. ओंजळीची वाटी करायची, तीत गरम पेज आहे असं धरायचं. नाकाने वास घ्यायचा, मनात तीन आकडे. मग ओठांचा चंबू करून हळू फुंकर, पाच आकडे. पेज सांडता कामा नये. असं चार वेळा. जेवणाच्या सुट्टीत ताट समोर आल्यावर, पहिला घास घेण्याआधी अकराही जणांनी रोज करायचं, निदान तीन आठवडे. पेजेवर फुंकर घालणं आपल्या मुलांच्या अंगवळणी असतं, त्यामुळे वेगळं शिकवावं लागत नाही. चुका दोन होतात. मुलं जोरात, भराभर फुंकतात आणि गरगरतं. म्हणून "पेज सांडली" असा इशारा ठेवा. दुसरी चूक मोठ्यांची: फक्त रागाच्या वेळीच "चल, फुंकर घाल" म्हणायचं. मग ती शिक्षा वाटते आणि कायमची वाया जाते.

दुसरी गोष्ट भरती-सुकतीची पट्टी (सुकती म्हणजे ओहोटी). भिंतीवर खडूने उभी रेघ, पाच खुणा. तळाला सुकती, वर उधाण. प्रत्येकाच्या नावाचा कपड्यांचा चिमटा आणि तो लावायला रेघेवरून ताणलेली सुतळी. सकाळी आल्यावर ज्याने त्याने आपला चिमटा हवा तिथे लावायचा. खाडीकाठची मुलं पाणी चढताना ओळखतात, दगड कुठवर बुडाला की होडी सोडायची हे त्यांना कळतं. तसंच अंगातलं पाणी. तिसऱ्या खुणेवर कान तापतात, मुठी आवळतात, दात दाबले जातात, हे त्यांच्याकडूनच काढून घ्या. चौथ्या खुणेला माणूस काय करतो तेही तीच सांगतील. खाली लावलेल्या चिमट्याला शाबासकी नाही, वर लावलेल्याला प्रश्न नाही. नाहीतर आठवडाभरात सगळे चिमटे सुकतीला येतील आणि पट्टीला अर्थ उरणार नाही. वर असलेल्या मुलाला फळा पुसायला, पाण्याची कळशी भरायला द्या. अंग हललं की पाणी उतरतं.

शब्द घरचेच घ्या. "माका राग इलो", "मी भियालंय", "माझो नंबर होतो" हे मुलाला आधीच येतं. तिथे प्रमाण मराठीची दुरुस्ती करत बसलात तर ते बोलायचंच थांबेल. त्याला जोडून दर आठवड्याला दोन शब्द वाढवा: हिरमुसणं, ओशाळणं, धास्ती, हुरहुर, रुसणं, वरमणं. रुसणं आणि रागावणं यात फरक काय, यावर दुसरीची मुलं दहा मिनिटं सहज बोलतात. रुसलेल्याला कोणीतरी येऊन समजूत काढावी असं वाटत असतं, रागावलेल्याला कोणी जवळ यायला नको असतं. हे ज्याला कळलं, तो मित्राशी निम्मा नीट वागायला लागतो.

आणि एक वही. दहा दिवस, चार रकाने: वेळ, आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. बहुधा वेळ जेवणाआधीची निघते, म्हणजे पोर उपाशी असतं. किंवा सोमवार. किंवा वडील मुंबईला परतले त्यानंतरचे चार दिवस. चौथा रकाना सगळ्यात बोलका. मारल्यावर दर वेळी त्याला बाईंच्या शेजारी बसायला मिळत असेल, तर तो मारणारच. तशी जवळीक त्याला सकाळीच, न मारता द्या.

सागरगोटा

खेळाबद्दल लिहितो, कारण हरणं पचवायचा सराव खेळातच होतो आणि तो टप्प्याटप्प्याने चढवता येतो.

पहिले दोन आठवडे कोणीच हरणार नाही असे खेळ. लगोरीचे सात दगड सगळ्यांनी मिळून रचायचे, तुम्ही तीसपर्यंत आकडे म्हणायचे. रचले तर वर्ग जिंकला, नाही रचले तर पुन्हा. मग दोन आठवडे निव्वळ नशिबाचे. सापशिडी चालेल, पण शंभर घरांची नको; ती अर्धा तास चालते आणि शेवटी सापाने गिळलं की पोर कोसळतं. जमिनीवर खडूने तीस घरं आखा, दोन साप, दोन शिड्या. पाच मिनिटांत डाव आटोपतो. पाच मिनिटांचं हरणं झेपतं, वर एका सुट्टीत तीनदा हरता येतं आणि तीनदा सावरताही येतं. त्यानंतरच कौशल्याचे खेळ, सागरगोटे, विटीदांडू वगैरे.

डाव सुरू होण्याआधी विचारायचं, "हरलो तर काय म्हणायचं?" प्रत्येकाने आपलं वाक्य ठरवायचं. "परत खेळू", "आज तुझा दिवस", काहीही. ते मोठ्याने दोनदा म्हणून घ्यायचं. पुढच्या डावाचा पहिला फासा हरलेल्याचा, हा नियम कायम ठेवा. हरणाऱ्याच्या हातात लगेच काहीतरी येतं, त्यामुळे उधळायला हात मोकळे राहत नाहीत.

लहानांना खेळात घेण्याची सोय आपल्या खेळांत आधीपासून आहे: कच्चं लिंबू. आउट झालं तरी राज्य त्याच्यावर येत नाही. ही फार शहाणी पद्धत आहे, फक्त तिला मुदत घाला. मुदत नसेल तर तेच पोर वर्षभर कच्चं लिंबू राहतं. मग ते जीव लावून पळत नाही आणि बाकीचे त्याला मोजत नाहीत. दोन आठवडे कच्चं, मग एक आठवडा अर्धं (दोनदा आउट झाल्यावर राज्य), मग पक्का भिडू. कोण कधी पक्का होणार ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. पोरं त्या दिवसाची वाट बघतात.

खेळात शिरायची एक रीत असते आणि कडेला उभ्या राहणाऱ्या मुलांना ती कोणी सांगितलेली नसते. धावत जाऊन "माका पण घेवा" म्हटलं की हमखास नकार येतो, कारण मधला डाव मोडतो. आधी एक डाव नुसता बघायचा. मग काहीतरी उपयोगी करायचं, लांब गेलेला चेंडू आणून द्यायचा, पडलेला दगड हातात द्यायचा. डाव संपला की एकाच ओळखीच्या मुलाला विचारायचं. हे चार-पाच वेळा नाटकासारखं करून घ्या, तुम्ही स्वतः कडेला उभं राहणारं मूल व्हा.

नेपाळी मुलांसाठी विषामृतसारखे खेळ आधी घ्या, त्यात भाषा लागत नाही. विषाचा हात लागला की पुतळा, अमृताचा लागला की सुटका. अमृत व्हायचं काम त्या दोघांना वारंवार द्या. ज्याने आपल्याला सोडवलं त्याला मुलं नावाने हाक मारू लागतात. आणि त्यांच्या नावांचा उच्चार त्यांच्या आईकडून नीट ऐकून घ्या, वर्गाने मोडून टाकलेलं नाव चालू देऊ नका. त्यांच्याकडचा एखादा खेळ सगळ्यांना शिकवायला सांगितलात, तर एक दिवस तरी नियम त्यांना माहीत आणि बाकीचे अडाणी, अशी उलटी वेळ येते. तिची गरज असते.

भांडण सुटत नसेल तर "डाव परत". कोण खरं, कोण खोटं याचा निवाडा करायला बसू नका. एकदा न्यायाधीश झालात की दिवसाला वीस खटले येतील.

रांगेचं सोपं आहे. ढकलाढकली होते, कारण पुढे असण्यात फायदा असतो. नळाशी विटांनी किंवा खडूने अकरा पावलं आखा. आज जो पहिला तो उद्या शेवटचा, असं चक्र लावा. वाढपी दोघं, आठवड्याने बदलणारे, आणि वाढपी शेवटी जेवणार. फक्त एक बघा: हे सांभाळायचं काम दर वेळी त्याच समंजस मुलीच्या गळ्यात पडतं. लहानांना हात धुवायला नेणं, रडणाऱ्याला उगी करणं, सगळं तिच्याकडे. ते मुलग्यांकडे मुद्दाम द्या, आणि नुसतं कौतुकाला नको, नेमाने द्या.

माजघर

घरच्या बाजूचं मी सांगते.

घरातलं सगळ्यात मोठं साधन म्हणजे काम, असं काम ज्यात मूल नसलं तर अडेल. सहा-सात वर्षांच्या मुलाला जेवणाची ताटं-पाणी घेणं, कोंबड्या झाकणं, तुळशीला पाणी, वाल सोलणं सहज जमतं. एकच काम द्या, महिनाभर तेच, आणि विसरलं तर गुपचूप करून टाकू नका. ताटं मांडली नाहीत तर जेवण पाच मिनिटं उशिरा. रागवायचं काही कारण नाही, सगळे नुसते बसून राहा.

वाट बघायला शिकवायला एप्रिल-मे मधल्या रातांब्यांसारखं, म्हणजे कोकमाच्या फळांसारखं, दुसरं काही नाही. रातांबे फोडून बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. फोडायचं काम मोठ्यांचं, बिया काढायचं मुलांचं. रसात मीठ, त्यात सालं बुडवायची, उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात, असं कितीदा तरी. हात लाल होतात, खाज येते, माश्या बसतात, आणि मधेच ढग आले की सगळी सुपं आत. पहिल्या दिवशी सगळ्या पोरांना हौस असते, तिसऱ्या दिवशी कंटाळा. तिसऱ्या दिवसाला महत्त्व आहे. "आज फक्त तुझं एक सूप उलटव, मग जा" इतकं कमी करा, पण सोडून देऊ नका. मूल सोडून द्यायला शिकतं ते बहुधा आपण कंटाळून "जा, मीच करते" म्हणतो तेव्हा.

वडील लांब असलेल्या मुलांचं वेगळं बघावं लागतं. मुंबईहून फोन आला की "जेवलास? अभ्यास केलास?" आणि दोन "होय" नंतर पोर पळतं. आईने दुपारी एक फोटो पाठवून ठेवावा: मोडलेली विटी, कुंपणावरचं घोसाळं, वहीतलं चित्र. रात्री वडिलांनी त्याच वस्तूचं विचारायचं, "विटी कुणाची मोडली? मग पुढे काय केलंत?" फोनची वेळ ठरलेली असावी. पाच मिनिटं पुरतात.

ट्रॉलरवर असलेल्यांचा फोन लागेलच असं नसतं. निघण्याआधी एकेक मिनिटाचे पाच-सहा आवाजी निरोप फोनमध्ये ठेवून जावेत, रोज झोपताना एक. परतायचे दिवस मोजताना मात्र चूक होते. "अजून चार दिवस" म्हणून उलटी मोजणी लावली आणि वाऱ्यामुळे होडी लांबली, की मुलाचा विश्वास तुटतो. त्यापेक्षा सुंभाला (काथ्याच्या दोरीला) रोज एक गाठ मारायची, बाबा गेल्यापासून किती दिवस झाले त्या गाठी. आले की दोघांनी मिळून सोडवायच्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा हे वडील घरी असतात आणि ऑगस्टमध्ये एकदम दिसेनासे होतात. लगेच त्याच सुमारास गणपतीला मुंबईकर येतात आणि घर रिकामं करून जातात. तुम्हाला वाढलेली मारामारी दिसतेय ती इथूनही आलेली असू शकते. निघणाऱ्याने मूल झोपेत असताना निघू नये. रडारड झाली तरी चालेल, सांगून, हात हलवून जावं. जाताना मुलाकडे सांभाळायला आपली एखादी वस्तू द्यावी, रुमाल, टोपी, काहीही.

आजी-आजोबांशी वाद घालून उपयोग नाही. "चेडवासारखो काय रडतंस?" (मुलीसारखा काय रडतोस?) हे वाक्य मनात दुष्टावा ठेवून म्हटलेलं नसतं. त्यांना नवं वाक्य द्या: "रड, मी आसंय हयसर." आजीला ते लगेच जमतं, कारण मांडीवर घेऊन बसणं ती आधीपासून करतेच. आणि शाळेतली पेजेची फुंकर घरी आजीनेच लावावी, तिच्या हातची पेज खरी असते. शाळेत एक आणि घरी दुसरं असं झालं की मूल दोन्हीकडचं सोडतं.

झोपेचं विसरू नका. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. नाटक, भजन बघून बाराला झोपलेलं पोर सकाळी वर्गात चिडचिडं असणारच, त्याला वळण लावायला जाऊ नका, झोपू द्या.

दर्यावर्दी

एक शंका. एवढं सगळं केलं आणि मारणाऱ्याला काहीच शिक्षा नाही? ज्याला लागलं त्याच्या आईला काय सांगायचं? आणि चांगलं वागला तर चांदणी, वाईट वागला तर काट, असा तक्ता जास्त सोपा नाही का?

पाटीपेन्सिल

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई केली आहे, त्यामुळे छडी, कोंबडा, वर्गाबाहेर उभं करणं हे प्रश्नच उरत नाहीत. पण परिणाम असतोच. त्या सुट्टीतला तो खेळ त्याच्यासाठी संपला, सोंगट्या त्याने गोळा केल्या, लागलेल्या मुलासाठी काम केलं. ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जायचं, मारणाऱ्याकडे नंतर. हे उलटं होतं म्हणूनच पालक चिडतात. त्याच्या आईला त्याच दिवशी तीन गोष्टी सांगा: काय झालं, आम्ही काय केलं, उद्या पुन्हा होऊ नये म्हणून कोण कुठे बसणार. मारणाऱ्याचं नाव सांगू नका. मुलगा घरी सांगेलच, पण शाळेने सांगणं वेगळं.

चांदणीच्या तक्त्याचं: अकरा जणांच्या वर्गात कोणाच्या पुढे चांदणी नाही हे रोज सगळ्यांना दिसतं. तोच मुलगा दर वेळी मागे, मग तो "मी असाच" हे धरून बसतो. त्यापेक्षा नेमकं बोला, हळू, त्याच्या कानात: "फासा पडला तेव्हा तुझी मूठ वळली होती. मग तू ती उघडलीस. मी बघितलं." "शहाणा मुलगा" यातून त्याला काय पुन्हा करायचं ते कळत नाही, या वाक्यातून कळतं.

बालविकास_कोकण

न बोलणाऱ्या मुलीबद्दल. लिहिलंय ते पाहता हा नुसता लाजाळूपणा समजून सोडून देण्याजोगं नाही. घरी मोकळेपणी बोलणारं मूल शाळेसारख्या ठरावीक ठिकाणी महिन्याहून जास्त बोलत नसेल (शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत), तर सिलेक्टिव्ह म्युटिझमची शक्यता बघावी लागते. मुळाशी चिंता असते. ती हट्टाने गप्प बसलेली नाही, घशाशी शब्द अडकतो. निदान तज्ज्ञच करतील. त्याआधी भाषेचं तपासा: मालवणीत विचारलं तर मान हलवते का? ऐकायला येतं का तेही तपासून घ्या.

उद्यापासून करायची पहिली गोष्ट संडासाची. अशी मुलं तहान, लघवी, लागलेलं, पोटात दुखणं, काहीच सांगू शकत नाहीत आणि तासन् तास रोखून धरतात. तीन खुणा ठरवा: लाल खडा टेबलावर ठेवला की बाहेर जायचंय, निळा म्हणजे पाणी, पांढरा म्हणजे दुखतंय. खडे वर्गातल्या सगळ्यांना द्या, म्हणजे ती एकटी वेगळी पडणार नाही. हजेरीही तशीच: नाव आलं की खडा डब्यात.

काय करू नये ते आधी. "बोल ना, एकदा बोल, चॉकलेट देते" नको. बाकीच्यांनी "ती बोलत नाय" असं तिच्या वतीने जाहीर करणं थांबवा. "ती बोलेल तेव्हा बोलेल" एवढंच उत्तर. आणि एखाद दिवशी शब्द निघालाच तर टाळ्या वाजवू नका, पुढचं वाक्य सहज बोला. कौतुकाचा गाजावाजा झाला की ती महिनाभर पुन्हा मिटते.

मग पायऱ्या. आठवड्यातून तीन दिवस, शाळा भरण्याआधी पंधरा मिनिटं आईने तिला घेऊन रिकाम्या वर्गात यावं. दोघींनी सागरगोटे खेळावे, बोलावं. तुम्ही बाहेर व्हरांड्यात. ती खोलीत मोकळी बोलायला लागली, की दारात उभं राहून तुमचं काम करा, तिच्याकडे न बघता. मग आत, लांबच्या कोपऱ्यात. मग शेजारी. मग खेळात, पण प्रश्न न विचारता, नुसतं जे दिसतंय ते बोला: "अरे, हा गोटा निसटला." आणि पाच सेकंद थांबा. आपल्याला पाच सेकंदांची शांतता फार लांब वाटते, तिला तेवढी लागते. त्यानंतर दोनातला एक निवडायचा प्रश्न: "लाल की हिरवा?" "आवडलं का?" असा मान हलवून सुटणारा प्रश्न या पायरीला नको. तुमच्याशी बोलू लागली की एक मैत्रीण आणा, मग दुसरी, आणि आई हळूहळू दाराकडे. एका पायरीला आठवडा लागेल, कधी तीन. ती थिजली तर एक पायरी मागे या. वाचनाची तोंडी तपासणी आईने घरी फोनवर ध्वनिमुद्रित करून आणली तरी चालवून घ्या.

जून ते सप्टेंबर म्हणजे थांबण्याची मुदत उलटून गेली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणाऱ्या सरकारी योजनेचं, फिरतं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. पण त्याची वाट बघू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रातून संपर्क करून नाव द्या. पुढची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसच्या सरकारी रुग्णालयात होऊ शकते. पालकांना स्वतः बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाणीचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मुलावर घरी कोणी हात उगारतं असं वाटलं तर १०९८, ही मुलांसाठीची मदतवाणी.

एक जोड: बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. या मुलीसाठीही तो मार्ग मोकळा आहे. एखाद्या संध्याकाळी तुम्ही तिच्या खळ्यात (अंगणात) जाऊन बसा. तिच्या जागेत ती मालकीण असते, आवाज तिथे आधी फुटतो.

खाडीकाठ

खडे आजच गोळा केले. पुढच्या शुक्रवारी पालक सभा आहे, मला पंधरा मिनिटं मिळतील. बहुतेक आया आणि दोन-तीन आज्या असतील. नेमकं काय सांगू?

माजघर

भाषण करू नका. ओट्यावर, वर्तुळात बसवा. सुरुवातीला कोणत्याही मुलाचं नाव न घेता चिमट्यांची पट्टी दाखवा आणि प्रत्येकीला आपला चिमटा लावायला सांगा. पाच मिनिटं यातच जातील, जाऊ द्या. आया आपसात बोलायला लागतात, "माझो तर रोज उधाणाक".

मग पेजेची फुंकर आज्यांकडून करून घ्या. नंतर दोनच गोष्टी मागा: रोज एक काम मुलाच्या वाट्याचं, आणि बाहेरगावी जाणाऱ्याने सांगून जाणं. तिसरी मागितलीत तर पहिल्या दोन विसरल्या जातील. सुंभाचा हातभर तुकडा ज्या घरचे वडील लांब आहेत त्या सातही घरांना जाताना हातात द्या, पहिली गाठ तिथेच मारून.

न बोलणाऱ्या मुलीच्या आईशी सभेत अवाक्षर काढू नका. सगळ्या गेल्या की तिला थांबवा आणि सकाळची पंधरा मिनिटं कोणत्या तीन दिवशी जमतील, एवढंच विचारा. मासळी बाजाराचे किंवा बागेतल्या कामाचे दिवस सोडून.